कडबोळ्याचं भोक आणि उंदराचा मेंदू

फराळाचं ताट समोर घ्या. लाडू, करंजी, कडबोळं. टोपॉलॉजी करणाऱ्या गणितज्ञाला त्यांच्या खमंगपणाशी कर्तव्य नसतं. तो भोकं मोजतो. लाडू भरीव, त्याच्या नावावर शून्य. कडबोळ्याला आरपार एक भोक. करंजीला तसं भोक नाही, पण पोटात बंदिस्त पोकळी आहे (सारण तूर्त विसरू). लाडू चेपला, कडबोळं वेडंवाकडं वळलं गेलं, तरी हिशेब तोच. तो बदलतो करंजी तेलात फुटली की. टाचणीएवढं छिद्र पडलं तरी पोकळी बंदिस्त राहत नाही आणि ती करंजी गणिताच्या लेखी शंकरपाळ्याच्या रांगेत जाऊन बसते.

हीच मोजदाद आता मेंदूच्या अभ्यासात शिरली आहे. ती तिथे का लागावी?

कारण नुसत्या नकाशाने भागलं नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 1986 साली मिलिमीटरभर लांबीच्या एका सूत्रकृमीच्या सगळ्या, म्हणजे 302, चेतापेशींच्या जोडण्यांचा आराखडा छापला. 2024 मध्ये फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा नकाशा आला: सुमारे 1 लाख 39 हजार पेशी, त्यांच्यात पाच कोटींच्या आसपास सांधे. माणसाच्या मेंदूत 86 अब्ज चेतापेशी आहेत, म्हणजे ती वाट अजून लांब आहे. पण कृमीचा नकाशा हाती येऊन जवळजवळ चाळीस वर्षं झाली, तरी तो प्राणी अमुक वेळी असाच का वळतो हे त्यावरून सरळ वाचता येत नाही.

अशा जाळ्यांचं नेहमीचं गणित ऑयलरपासूनचं आहे. 1736 साली त्याने कोनिग्सबर्गच्या सात पुलांचं कोडं निकालात काढलं; ठिपक्यांचं आणि रेषांचं गणित त्यातूनच पुढे आलं. पण रेषा दोन ठिपक्यांपुरतं बोलते, आणि पेशी काम करतात ते टोळक्याने. चार जण आहेत आणि प्रत्येक जण उरलेल्या तिघांना ओळखतो; त्याला आपण कोंडाळं म्हणतो. टोपॉलॉजी अशा कोंडाळ्याला एक भरीव ठोकळा मानते: दोघांची रेषा, तिघांचा भरलेला त्रिकोण, चौघांचा चार तोंडांचा ठोकळा. पाचवा आला की ठोकळा चौथ्या मितीत जातो. कागदावर तो काढता येत नाही, पण मोजायला काही अडत नाही. आणि चौघे गोल उभे राहिले, प्रत्येकाची शेजारच्या दोघांशी ओळख आहे पण समोरच्याशी नाही, तर मध्ये भोक राहतं. कोण कोणाशी जोडलेलं नाही, हीसुद्धा इथे मोजायची गोष्ट ठरते.

लोझानच्या ‘ब्लू ब्रेन’ प्रकल्पाने 2015 मध्ये उंदराच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचा मोहरीच्या दाण्याहून लहान तुकडा संगणकावर उभा केला. त्यात सुमारे 31 हजार पेशी आणि 80 लाख जोडण्या होत्या. कॅथरीन हेस आणि रॅन लेव्ही या गणितज्ञांनी सहकाऱ्यांसोबत त्यातली कोंडाळी मोजली आणि 2017 मध्ये निष्कर्ष मांडले. चेतापेशींमध्ये संदेश एका दिशेने जातो, म्हणून त्यांनी अशीच कोंडाळी धरली ज्यांत एक पेशी प्रवेशाची, एक बाहेर पडण्याची आणि मधला सगळा प्रवाह एकाच रोखाने. तेवढ्याच पेशी आणि तेवढ्याच जोडण्या वाटेल तशा विस्कटून जाळं केलं तर सापडतील त्यापेक्षा इथे ती किती तरी जास्त निघाली. आठ-आठ पेशींची कोंडाळी होती, म्हणजे एकेकात 28 जोडण्या. तुकड्याला उत्तेजना दिली की आधी लहान, मग मोठ्या मितींची कोंडाळी आणि त्यांनी वेढलेल्या पोकळ्या उभ्या राहत, आणि थोड्याच वेळात सगळं कोसळून जाई.

वर्तमानपत्रांनी मात्र उचललं ते ‘मेंदूत अकरा मिती’. जणू कवटीत कुठला गुप्त मार्गच सापडला! इथे मिती म्हणजे कोंडाळ्यातल्या पेशींच्या संख्येतून एक वजा, बस्स. आणि तुकडा होता संगणकातला. खऱ्या मेंदूच्या पातळ कापांवर पडताळा घेतला गेला, पण तिथे एका वेळी मूठभर पेशीच ऐकता येतात.

माणसाच्या मेंदूत अडचण निराळी. एमआरआयमध्ये एकेक पेशी दिसत नाही; दोन भाग किती एकसुरात चालतात याचा आकडा मिळतो. मग कितीच्या वर ‘जोडलेले’ म्हणायचं? रेषा कुठेही ओढा, ती मनमानीच. यावर तोडगा असा की रेषा ओढायचीच नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी ओसरू लागलं की आधी पळसनाथाच्या मंदिराचा शेंडा दिसतो, मग उंचवटे बेटांसारखे वर येतात, मग बेटं जोडली जाऊन मध्ये डबकी अडकतात. तशीच त्या आकड्याची पातळी इंचाइंचाने उतरवत जायची आणि कोणतं बेट, कोणतं डबकं किती काळ टिकलं याची नोंद ठेवायची. क्षणभर दिसून गेलेलं बहुधा योगायोग, बराच काळ टिकलेलं खऱ्या आकाराची खूण. 2014 मध्ये जोव्हानी पेत्री आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने भ्रमकारी अळंब्यांतलं सायलोसायबिन दिलेल्या स्वयंसेवकांचे मेंदू तपासले. द्रव्याच्या अमलाखाली अल्पजीवी भोकांची गर्दी दिसली, आणि एरवी नसलेले काही टिकाऊ, लांब पल्ल्याचे दुवेही.

पण मला सर्वांत भावलं ते ट्रॉन्डहाइमचं काम. उंदराच्या मेंदूतल्या ग्रिड पेशी तिथे 2005 मध्ये सापडल्या. मोझर दांपत्याला त्यासाठी 2014 चं नोबेल मिळालं. उंदीर फिरतो तशी अशी पेशी षट्कोनी नक्षीतल्या ठरावीक जागांवर पेटते, आणि नक्षी पुन्हापुन्हा तीच येते. जुन्या नोकियावरच्या खेळातला साप उजव्या कडेला गेला की डावीकडून यायचा, तसंच. आता तो पडदा कापडाचा माना. डावी-उजवी कड जोडली की नळी होते. नळीची दोन टोकं जोडली की? पिठाची वळी गोल करून टोकं चिकटवताना आपल्या हातात जे होतं तेच, फक्त आतून पोकळ.

2022 मध्ये शेकडो पेशी एकाच वेळी ऐकून ट्रॉन्डहाइमच्या संशोधकांनी त्यांच्या एकत्रित खेळाचा आकार तपासला. एकच सलग तुकडा, दोन वेगवेगळी वेटोळी, एक बंदिस्त पोकळी: पोकळ कडबोळ्याचा तंतोतंत हिशेब. उंदीर चौकोनी पेटीत फिरत होता तेव्हा हा आकार होता, चाकासारख्या वाटेवर होता तेव्हाही. मग तो झोपला. फिरायला जागा नाही, डोळे मिटलेले, आणि पेशींचा खेळ त्याच कडबोळ्याच्या पृष्ठभागावर चालू.