उंचावरून खाली आलेली सायकल

शाळेच्या वेळेला मंठा, परतूर किंवा घनसावंगीच्या रस्त्यावर थांबलं, की गणवेशातल्या मुली सायकलवरून जाताना दिसतात. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी पैसे मिळतात आणि जालना जिल्हाही त्या योजनेत आहे. पण सायकल जन्मली तेव्हा ती मुलींची नव्हती आणि गरिबांची तर नव्हतीच.

12 जून 1817 रोजी जर्मनीतल्या मानहाइम गावातून कार्ल फॉन ड्राइस लाकडी दुचाकीवर बसून निघाला. तिला ना पायडल, ना चेन. पाय जमिनीला रेटत पळायचं. पायडल आलं 1860 च्या दशकात, फ्रान्समध्ये. तेही पुढच्या चाकाच्या आसालाच. लाकडी चाकाला बैलगाडीसारखी लोखंडी धाव आणि खाली दगडी रस्ता! बसणाऱ्याची हाडं खिळखिळी व्हायची.

पायडल आसाला जोडलेलं असलं, की पायाच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा होतो. वेग हवा असेल तर चाक मोठं करण्यावाचून इलाज नाही. म्हणून 1870 च्या दशकात पुढचं चाक वाढत वाढत माणसाच्या छातीला लागलं आणि मागचं इवलंसं उरलं. एवढ्या उंचीवर चढायचं, आणि समोर खड्डा आला तर थेट डोक्यावर आपटायचं. धडधाकट, हौशी आणि खिसा गरम असलेल्या पुरुषांचाच तो खेळ होता. पायघोळ कपड्यातल्या बाईने तिच्यावर बसावं कसं?

ही कोंडी फोडली चेनने. पुढच्या चक्राला 44 दाते आणि मागच्याला 22 असले, की पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक दोनदा फिरतं. मग मोठ्या चाकाची गरजच काय? जॉन केम्प स्टार्ली याने 1885 मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेन्ट्रीत ‘रोव्हर’ सायकल आणली. तिची दोन्ही चाकं जवळपास सारखी होती, मागच्या चाकाला चेन होती आणि पाय जमिनीला टेकत होते. आज जालन्याच्या रस्त्यावर धावणारी सायकल याच घडणीची आहे.

राहिले होते हादरे. बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या गुरांच्या डॉक्टरने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचं टायर बनवलं आणि 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं.

त्याच 1888 सालापासून आपल्याकडचा किर्लोस्कर उद्योग आपलं वय मोजतो. त्याची सुरुवात बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना सायकलने भुरळ घातली आणि बेळगावातले त्यांचे बंधू रामुअण्णा यांच्या जोडीने हा धंदा उभा राहिला. एका सायकलची किंमत होती 700 ते 1000 रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे 15 रुपये वेगळे! साध्या माणसाने ती लांबूनच बघावी. पुढे हेच हात लोखंडी नांगराकडे वळले आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली.

स्वस्त झालेली सायकल खेड्यात पोचली, तरी पोरांना ती उंचच होती. सीटवरून पाय पुरत नाहीत म्हणून पोरं आडव्या नळीखालून पाय घालून, कैची मारत शिकली. मुलींसाठी आडवी नळी काढून टाकलेली लेडीज सायकल आली. तिच्यावर साडी नेसून किंवा पंजाबी ड्रेस घालूनही बसता येतं.

आता मुलीच्या हाती सायकल आहे, पण वाटेत चाक बसलं तर तिची शाळा बुडते. किर्लोस्करांच्या दुकानात सायकलबरोबर ती चालवायची शिकवणीही मिळत होती. जालन्यातल्या शाळांनीही सायकलबरोबर दुरुस्तीची शिकवणी द्यावी. एक पंप, थोडं सोल्यूशन, रबराचे तुकडे आणि पाण्याचं घमेलं एवढ्यावर भागतं. गावातल्या सायकल मिस्त्रीला एक दिवस बोलवावं आणि प्रत्येक मुलीला तिच्या हाताने पंक्चर काढायला शिकवावं.