बोर्ड जळला नव्हता!

फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये निम्मे ग्रुप रास्पबेरी पाय घेतात आणि त्यातल्या निम्म्यांचा पाय व्हायवाच्या आदल्या दिवशी सुरूच होत नाही. आमचाही झाला नाही. त्या रात्री आम्ही जे काही केले, त्यातले बरेचसे चुकीचे होते. म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. पुढच्या बॅचने निदान चुका तरी नव्या कराव्यात!

आमचा प्रोजेक्ट होता जमिनीतला ओलावा मोजून नोंद ठेवण्याचा. बोर्ड रास्पबेरी पाय ३, मॉडेल बी. अकोल्याजवळ बार्शीटाकळी तालुक्यात मामाचे कापसाचे वावर आहे. तिथल्या काळ्या जमिनीत सेन्सर पुरून ११ दिवसांच्या नोंदी घेतल्या होत्या. त्या सगळ्या एका छोट्या मेमरी कार्डात, दुसरी कॉपी कुठेच नाही. (हसू नका, तुमचीही नसेल.) बोर्ड डब्यात घालून अकोल्याहून बडनेऱ्याला रेल्वेने आणला आणि रात्री हॉस्टेलच्या रूमवर लावून पाहिला. मस्त चालू झाला. एक्स्टर्नल परवावर होती, म्हणून निवांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका ज्युनियरला सांगितले, की बाबा, याला कीबोर्ड, माऊस आणि यूएसबी कॅमेरा लावून ठेव, आम्ही मेसमधून येतो. परत आलो तर तो रडवेला होऊन उभा. पडद्यावर इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन यायचा, जायचा, पुन्हा यायचा. बोर्डावरचा लाल दिवा मधूनच विझायचा.

"काय केलं बे तू?"

"काईच नाही दादा. म्या फक्त कॅमेरा लावला."

"कॅमेरा लावला अन् बोर्ड जयला! उलटासुलटा लावला असन."

दहा मिनिटांत निकाल लागला. ज्युनियरने बोर्ड जाळला, नव्या बोर्डाचे पैसे त्याने भरायचे. पोरगा दर्यापूरकडचा, घरी कोरडवाहू शेती. "मेसच्या पैशातून देतो दादा, दोन महिने थांबा" एवढेच म्हणाला. निकाल देणाऱ्यांत मीही होतो, हे आधीच सांगून टाकतो.

सकाळी लॅबमधल्या काकांकडे गेलो ते नवा बोर्ड उसना मिळतो का बघायला. काकांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "पोट्टेहो, आधी मीटर लावा, मंग भांडा."

आता मीटर कुठे लावायचा हे कळण्यासाठी बोर्ड सुरू कसा होतो ते कळले पाहिजे. थोडी थिअरी सहन करा.

आपल्या मायक्रोप्रोसेसर लॅबमधली ८०८५ ची किट आठवा. तोही एक सिंगल बोर्ड कॉम्प्युटरच. रिसेट दाबले की प्रोग्राम काउंटर ०००० या पत्त्यावर जातो आणि तिथे ईप्रॉममध्ये मॉनिटर प्रोग्राम कायमचा बसलेला असतो. त्यामुळे किट लगेच सुरू होते. रास्पबेरी पाय तसा नाही. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेतल्या मुलांना प्रोग्रामिंगची गोडी लागावी म्हणून तो बनवला आणि २९ फेब्रुवारी २०१२ ला तो विक्रीला आला. स्वस्त ठेवायचा म्हणून त्यात हार्ड डिस्क दिली नाही. सगळी ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी कार्डावर.

गंमत म्हणजे, पॉवर दिल्यावर आधी मुख्य प्रोसेसर जागा होत नाही, ग्राफिक्सचा भाग जागा होतो. पाय ३ मध्ये क्रम असा असतो. चिपच्या आतला छोटा रॉम प्रोग्राम कार्डाचा पहिला, फॅट प्रकारचा भाग शोधतो. तिथून 'बूटकोड' नावाची फाईल उचलतो. ती 'स्टार्ट' नावाची फाईल उचलते. मग 'कॉन्फिग' फाईल वाचली जाते, मग लिनक्सचा कर्नल मेमरीत भरला जातो आणि तेव्हा कुठे मुख्य प्रोसेसरला उठवले जाते. शेवटी कर्नल कार्डाचा दुसरा भाग उघडतो, जिथे आपल्या फाइली असतात. (२०१९ च्या पाय ४ पासून बूटकोडचे काम बोर्डावरच्याच एका मेमरी चिपकडे दिले आहे. बाकी गाडी साधारण तशीच.)

म्हणजे ही रिले शर्यत आहे. गाडी कुठे अडली हे पाहिले की कोणाच्या हातून काठी पडली ते कळते. आता लक्षणे पाहू.

१) लाल दिवाच नाही, किंवा लुकलुकतो : पॉवरचा प्रश्न. पाय ३ चा लाल दिवा नुसता "वीज आली" असे सांगत नाही. व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेले की तो विझतो. आम्ही हाच इशारा बोर्ड जळल्याची खूण समजलो!

२) लाल दिवा स्थिर, हिरवा एकदाही लुकलुकत नाही : कार्ड वाचले जात नाही. कार्ड नीट बसले नसेल, किंवा त्यावर इमेज नीट लिहिलेली नसेल. पुष्कळ जण डाउनलोड केलेली इमेज फाईल पेन ड्राइव्हवर गाणे टाकावे तशी कार्डावर कॉपी करतात. तसे चालत नाही, ती इमेज लिहिण्याच्या सॉफ्टवेअरनेच लिहावी लागते.

३) हिरवा दिवा ठराविक वेळा लुकलुकतो, थांबतो, पुन्हा तेवढ्याच वेळा लुकलुकतो : मोजा! चार वेळा म्हणजे 'स्टार्ट' फाईल सापडली नाही. सात वेळा म्हणजे कर्नल सापडला नाही. कार्ड पुन्हा लिहावे लागेल.

४) रंगीत चौकोन येऊन तिथेच अडकतो : 'स्टार्ट' फाईलपर्यंत सगळे ठीक, पण कर्नल उठला नाही. सीनियरकडून मिळालेले जुने कार्ड नव्या बोर्डात घातले की असे होते, कारण जुना कर्नल नव्या बोर्डाला ओळखत नाही. चौकोन पुन्हा पुन्हा येत असेल तर मात्र आधी पॉवर तपासा.

५) अक्षरे धावतात आणि 'कर्नल पॅनिक' म्हणून थांबतात : कार्डाचा दुसरा भाग उघडत नाही. फाइलींची रचना बिघडली आहे.

६) हिरवा दिवा छान लुकलुकतो, पडदा काळा : बोर्ड बहुधा सुरू झालेला असतो, चित्र तेवढे येत नाही. मॉनिटर आधी जोडा, पॉवर नंतर द्या. मॉनिटर जुना व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर बदलून पाहा.

आता आमच्या केसकडे येतो. काकांनी मीटर ४० पिनांच्या हेडरवर लावला. २ नंबरची पिन ५ व्होल्टची, ६ नंबरची ग्राउंड. (सांभाळून! २ च्या शेजारची १ नंबरची पिन ३.३ व्होल्टची आहे. प्रोब घसरून दोन्ही एकत्र आल्या तर बोर्ड खरोखरच जळेल.) नुसता बोर्ड असताना रीडिंग ४.७ च्या वर. कॅमेरा, कीबोर्ड, माऊस जोडले आणि सुरू होताना रीडिंग घसरले ४.४ वर. अॅडॉप्टरच्या तोंडाशी मात्र ५.१ कायम. मग मधले ०.७ व्होल्ट गेले कुठे?

काकांनी केबल वर धरली. "हे कोनाची?"

माझी. रूममधला सॉकेट टेबलापासून लांब, म्हणून आदल्या रात्री मीच बोर्डाची आखूड केबल काढून दोन मीटरची लांब, बारीक केबल लावली होती.

आता फर्स्ट इयरचा ओहमचा नियम लावा. स्वस्त चार्जिंग केबलमधली तार २८ गेजची असू शकते (गेजचा आकडा मोठा तितकी तार बारीक). तिचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम. दोन मीटर जायचे, दोन मीटर यायचे, म्हणजे ४ मीटर तार आणि ०.८४ ओहम. नुसता बोर्ड ०.४ अॅम्पिअर घेत असेल तर केबलमध्ये ०.३४ व्होल्ट पडतात, उरतात ४.७६. चालतो. कॅमेरा वगैरे लावून प्रवाह ०.८ झाला की पडतात ०.६७, उरतात ४.४३. चालत नाही. मीटरनेही तेच सांगितले. त्यात आपला वऱ्हाडी उन्हाळा. तांब्याचा रोध अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांवरून ४५ अंशांवर गेले की १० टक्के जास्त.

तर ज्युनियरने कॅमेरा लावला तो बरोबरच लावला होता. केबल माझी चुकली होती. पुरावा माझ्याच टेबलावर पडलेला, आणि वसुली त्याच्याकडून!

आखूड जाड केबल लावली. रंगीत चौकोन आला, गेला, आणि समोर... कर्नल पॅनिक. रात्रभर चालू-बंद, चालू-बंद झाल्याने लिहिता लिहिता पॉवर जाऊन कार्डावरची रचना बिघडली होती. म्हणजे मूळ आजार एक आणि त्यातून झालेला दुसरा. अशा वेळी पहिला दुरुस्त न करता कार्ड पुन्हा पुन्हा लिहीत बसलात तर ते पुन्हा पुन्हा बिघडणार.

कोणीतरी कार्ड विंडोजच्या लॅपटॉपमध्ये घातले. विंडोजला कार्डाचा दुसरा भाग वाचता येत नाही, त्यामुळे तो विचारतो, "फॉरमॅट करू का?" मित्राचे बोट 'हो' वर गेलेच होते, काकांनी हात धरला. तिथे 'हो' म्हटले असते तर ११ दिवसांच्या नोंदी गेल्या असत्या. नंतर लॅबच्या लिनक्स मशीनवर आधी अख्ख्या कार्डाची जशीच्या तशी कॉपी घेतली, मग 'एफएससीके' ही तपासणीची कमांड चालवली. शेवटच्या दिवसाची अर्धी फाईल गेली, बाकी सगळे वाचले. बोर्ड सुरू झाला.

थोडक्यात, हे पाळा. केबल आखूड आणि जाड ठेवा, अॅडॉप्टर बोर्डाला सांगितलेल्या क्षमतेचाच घ्या (पाय ३ ला २.५ अॅम्पिअर, पाय ४ ला ३). वायर खेचून बंद करू नका, शटडाउन कमांड द्या. लाईट कधीही जाईल असे धरून छोटा बॅटरी बॅकअप लावा. कार्डाची कॉपी रोज घ्या. आणि 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड चालवून पाहा. उत्तर शून्याशिवाय काही आले तर बोर्डाने कुठेतरी कमी व्होल्टेज किंवा जास्त तापमान सोसले आहे.

एक्स्टर्नल चांगली झाली. नोंदी दाखवल्या, कॅमेरा चालला. संध्याकाळी मेसमध्ये ज्युनियरच्या शेजारी जाऊन बसलो. माफी मागायची कशी ते काही सुचेना. शेवटी म्हणालो, "चूक माही होती बे. केबल म्याच बदलली होती." तो म्हणाला, "जाऊ द्या ना दादा," आणि वरणाचे भांडे माझ्याकडे सरकवले. त्याच्याकडून घेतलेला पहिला हप्ता त्याच वेळी परत केला.

पुढच्या वर्षी तोच प्रोजेक्ट तो पुढे नेणार आहे. बोर्ड त्याच्याकडेच दिला आहे, आखूड केबलसकट. लांब केबल माझ्या रूमच्या खिळ्याला टांगली आहे. फोन चार्ज करायला कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा.