आधी गाव सांगा

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीमध्ये एक ग्रंथालय आहे, जिथे माणसं आपले पूर्वज शोधायला येतात. फॅमिलीसर्च लायब्ररी. ती मॉर्मन चर्चची असली तरी कुणालाही खुली आहे, आणि पैसे पडत नाहीत. दिवंगत पूर्वजांसाठीही धर्मसंस्कार करता येतात, अशी या पंथाची श्रद्धा. त्यासाठी त्यांची नावं ठाऊक हवीत. त्या ओढीतून १८९४ साली वंशावळींची संस्था उभी राहिली आणि १९३८पासून देशोदेशीच्या नोंदवह्या मायक्रोफिल्मवर उतरवू लागली. रिळं झाली सुमारे २४ लाख! ती जपायला शहराजवळच्या डोंगरात ग्रॅनाइट पोखरून कोठारं केली आहेत.

एवढ्या पसाऱ्यात एक खापरपणजोबा सापडतो कसा? नुसत्या नावावरून सापडणं अवघड, कारण त्याच नावाची माणसं गावोगाव असतात. जुनी नोंद करणारा पाद्री किंवा कारकून आपापल्या हद्दीतले जन्म, लग्नं, मृत्यू वहीत लिहीत असे. म्हणून इथल्या सूचीत स्थळावरून शिरणं सोयीचं: देश, जिल्हा, गाव.

नाशिकला रामकुंडावर तीर्थोपाध्येही आडनावाबरोबर मूळ गाव विचारतात, मग नामावळीची वही काढतात, आणि तीत पणजोबांच्या हातची ओळ निघू शकते. हरिद्वारच्या पंड्यांच्या अशाच वह्या वंशावळींच्या याच संस्थेने फिल्मवर घेतल्या आहेत. एकमेकांपासून इतक्या लांब वाढलेल्या दोन परंपरा, आणि शोधाची किल्ली एकच! मला याचं नवल दर वेळी वाटतं.

गाव हाती लागलं की घराबाहेरचंही दिसू लागतं. लग्नाला साक्षीदार कोण होते, कोणते व्यवसाय चालत, सोयरीक किती लांबवर होई. एखाद्या महिन्यात दफनाच्या नोंदी एकदम दाटून आल्या, की साथ येऊन गेल्याची शंका घ्यावी. शोधणारा आलेला असतो एका माणसासाठी, आणि समोर अख्खं गाव उभं राहतं.

मात्र गावाचं आजचं नव्हे, त्या काळचं ठिकाण हवं. जालना जिल्हा १९८१ साली झाला. त्याआधी जालना औरंगाबाद जिल्ह्यात होतं, आणि १९४८पर्यंत तिथे निजामाची सत्ता होती. तिथल्या पणजोबांच्या जमिनीचा कागद हैदराबादच्या दप्तरात, उर्दूत किंवा फारसीत लिहिलेला असू शकतो.