बर्फाचा जमाखर्च

मराठीत पावसासाठी किती शब्द आहेत हे मोजायला बसलं तर संध्याकाळ सहज निघून जाईल. वळीव आहे, झड आहे, भुरभुर आहे, रिपरिप आहे, मृगाचा निराळा आणि हस्ताचा निराळा. बर्फाचं मात्र तसं नाही. उसाच्या रसात पडतो तोही बर्फ आणि हिमालयावर पडतो तोही बर्फच. 'हिम' नावाचा शब्द आपल्याकडे आहे, पण तो भूगोलाच्या पुस्तकातच राहिला. खिडकीतून बघून "अगं, बाहेर हिम पडतंय" असं म्हणायची वेळ आपल्या कुठल्याच पिढीवर आली नाही. उलट काश्मीरमध्ये थंडीच्या तुकड्यांनाही नावं आहेत. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा कडाका म्हणजे 'चिल्लाई कलां', मग वीस दिवस 'चिल्लाई खुर्द' आणि शेवटचे दहा दिवस 'चिल्लाई बच्चा'.

साहजिकच स्कीइंगलाही आपल्याकडे शब्द नाही. जवळचा म्हणजे 'घसरणं', आणि त्याला काही चांगला अर्थ चिकटलेला नाही. आपल्याकडे भाव घसरतात, जीभ घसरते, पाय घसरतो. तरीही गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मराठी कुटुंबं पदरचे पैसे मोजून, विमानाने दूर जाऊन घसरू लागली आहेत. आमचंही त्यातलंच एक. बँकेत पस्तीस वर्षं काढल्यामुळे कुठल्याही आनंदाचा जमाखर्च मांडायची खोड मला जडली आहे. तो इथे मांडतो.

आधी थोडा इतिहास. स्की ही मुळात चैनीची गोष्ट नव्हे. नॉर्वेसारख्या देशांत हिवाळ्यात शेजारच्या गावाला जायचं तर पायाला लाकडाच्या पट्ट्या बांधण्यावाचून इलाज नव्हता. एकोणिसाव्या शतकात तिथल्या टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नॉर्हाइम नावाच्या गरीब माणसाने टाच धरून ठेवणारी बांधणी वापरली आणि उतारावर वळणं घेता येऊ लागली. पुढे त्याची सुट्टी करण्यात इंग्रजांचा मोठा हात. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल १८९४च्या मार्चमध्ये स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसहून खिंड ओलांडून स्कीवरून अरोसाला गेले, सोबत दोन स्थानिक भाऊ वाटाडे. नंतर 'स्ट्रँड' मासिकात त्यांनी हा अनुभव लिहिला. उद्या शेकडो इंग्रज खास स्कीसाठी इथे येतील, असं भाकीत त्यांनी त्यात केलं होतं आणि ते खरं ठरलं. त्याच लेखात, आपलं कापड कधीच फाटत नाही असं सांगणाऱ्या शिंप्याची त्यांनी थट्टा केली आहे. त्या विजारीचे नमुने खिंडीपासून अरोसापर्यंत बर्फावर बघायला मिळतील, अशा अर्थाची. म्हणजे मौज, खर्च आणि फजिती हे त्रिकूट तेव्हापासूनचंच आहे.

आपल्याकडे हा खेळ रुजला तो गुलमर्गला. तिथे १९२७ साली इंग्रज अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला. स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने लष्कराची स्की शाळा तिथे सुरू झाली. पुढे तिचंच उंच पर्वतातल्या युद्धाचं शिक्षण देणाऱ्या संस्थेत रूपांतर झालं. सामान्य माणसाला तो उतार जवळ आणून दिला तो गोंडोलाने. १९९८ साली गुलमर्ग ते कोंगदोरी हा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००५ साली अफरवट शिखराच्या खांद्यापर्यंतचा दुसरा. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आणि दुसऱ्या टप्प्याचं वरचं स्थानक जवळजवळ ३,९५० मीटरवर. आपली कळसूबाई १,६४६ मीटरची. म्हणजे कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली, तरी साडेसहाशे मीटर उरतात!

आम्ही गेलो २०२३च्या फेब्रुवारीत. मी, बायको, मुलगा, सून, अकरा वर्षांची नात आणि आठ वर्षांचा नातू. निघायच्या थोडे दिवस आधी, १ फेब्रुवारीला, अफरवटच्या उतारावर हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू गेल्याची बातमी आली आणि घरचा फोन वाजायचा थांबेना. सांगलीच्या मेहुणीने "महाबळेश्वर काय वाईट आहे?" असा रोकडा सवाल केला. मुलगा सगळ्यांना समजावत होता, की ते आखलेल्या उताराबाहेर, उंचावरच्या मोकळ्या बर्फात जाणारे पट्टीचे लोक होते. आपण गावातल्या मैदानासारख्या उतारावर शिकणार आहोत. ते खरंच होतं. पण आठ वर्षांच्या मुलाच्या आजीला उतारांतला हा फरक पटत नाही.

विम्याची पॉलिसी मी निघण्यापूर्वी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. आमच्या पॉलिसीत साहसी खेळांतल्या दुखापती वगळलेल्या होत्या आणि हे बारीक अक्षरात होतं. बहुतेक पॉलिसींत ते तिथेच असतं. म्हणून एका पाकिटात वेगळी रक्कम ठेवली आणि वर 'आकस्मिक' असं लिहिलं. मुलगा हसला. मी काही बोललो नाही.

आता खर्च. सहलीला लागलेले पैसे शंभर धरले तर त्यातले अडतीस विमानाला गेले, सव्वीस हॉटेलला आणि नऊ गाडीला. भाड्याचे कोट, गमबूट, कहवा, बक्षिसी, शाली आणि 'घेतलंच पाहिजे' या सदराखाली घेतलेल्या वस्तू यांत दहा. प्रत्यक्ष स्कीला, म्हणजे भाडं, शिक्षक आणि गोंडोला धरून, सतरा. ज्याच्यासाठी गेलो त्याच्या वाट्याला शंभरातले सतरा! लग्नात भटजींच्या दक्षिणेचं जे होतं तेच इथे स्कीचं होतं.

खर्चाची आणखी एक बाजू आहे. टंगमर्गला कोट भाड्याने देणारे, वर गेल्यावर घोडेवाले, स्लेज ओढणारे यांचा गराडा पडतो. आपण वैतागतो. स्लेजवर माझ्यासारखा ऐंशी किलोंचा माणूस बसतो आणि त्याच्या निम्म्या वजनाचा माणूस दोरी खांद्यावर घेऊन चढावर ओढतो. मी बसलो नाही, चालत गेलो. तर तो माणूस माझ्याबरोबर चालत राहिला आणि म्हणाला, "साहेब, तुम्ही दयेने चालताय, पण माझी आज भवानी झालेली नाही." यावर उत्तर नव्हतं. शेवटी आमच्या सगळ्या पिशव्या त्याच्या स्लेजवर ठेवल्या आणि माणसाचे पैसे दिले. आपल्या मनाची टोचणी आणि समोरच्याची चूल ही दोन निराळी खाती आहेत, एकातली रक्कम दुसऱ्यात परस्पर वळती करता येत नाही.

मौज काय, तेही सांगायला हवं. पहिला दिवस उठण्यात आणि पडण्यात जातो. पायात सिमेंटचे वाटावेत असे बूट, त्यांना अडकवलेल्या लांब पट्ट्या. शिक्षक आधी पडायचं कसं ते शिकवतो, मग उठायचं कसं ते, आणि मग थांबायचं कसं ते. पुढे जायला शिकवावं लागत नाही, ते काम पृथ्वी करते. थांबण्यासाठी पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब करायची. मुलांना कळावं म्हणून शिक्षक त्याला 'पिझ्झा' म्हणतात. त्या मैदानावर दिवसभर "पिझ्झा! पिझ्झा!" असा घोष चालू असतो आणि खायला मात्र मॅगी मिळते. नातू दुसऱ्या दिवशी दुपारी सुटा झाला. लहान मुलांचं शरीर जमिनीजवळ असतं आणि पडण्यात त्यांना अपमान वाटत नाही. मोठ्यांचं या दोन्ही बाबतींत अवघड. मीही शिक्षकाचा हात धरून वीस-पंचवीस मीटर गेलो. त्यातले शेवटचे पाचेक मीटर त्याने हात सोडला होता, हे मला नंतर समजलं.

आणि ती शांतता! ताज्या बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात, त्या आवाज शोषून घेतात. त्यामुळे रात्री बर्फ पडून गेला की सकाळी सगळं गाव कान देऊन बसल्यासारखं वाटतं. बायको एरवी पहाटे उठून भांडी वाजवणारी, ती त्या सकाळी खिडकीशी अर्धा तास नुसती बसून होती. चहासुद्धा मागितला नाही.

तिसऱ्या दिवशी सून पडली. तशी ती दोन दिवसांत वीस वेळा पडली होती, पण या वेळी उठली नाही. स्कीचा बूट घोटा घट्ट धरून ठेवतो, त्यामुळे पट्टी वळली की पीळ थेट गुडघ्याला बसतो. तो बसू नये म्हणून बूट आणि पट्टी यांच्यामध्ये 'बाइंडिंग' असतं. ठरावीक जोर आला की त्याने बुटाला सोडून द्यायचं. किती जोर, हे वजन, उंची, वय, बुटाची लांबी आणि शिकणाऱ्याची तयारी बघून स्क्रूने ठरवतात. भाड्याच्या दुकानात ते कुणी बघितलं नव्हतं. आधीच्या दांडग्या गिऱ्हाइकाचा आकडा तसाच होता. पन्नास किलोंची सून पडली, पट्टी सुटली नाही, गुडघा पिळला गेला.

शिक्षकाने स्वतःची जाकीट तिच्या गुडघ्याखाली घातली, चौघांनी मिळून तिला स्लेजवर घेतलं. त्यातला एक, पहिल्या दिवशीचा आमचाच स्लेजवाला. खाली नेऊन एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. पुण्याला आल्यावर कळलं, की गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध ताणला आहे. शस्त्रक्रिया टळली, सहा आठवडे पट्टा आला. 'आकस्मिक' पाकीट रिकामं झालं.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत जे व्हायचं ते झालं. मुलगा दुकानदारावर चिडला, बायको मुलावर चिडली, "बायकापोरांना घेऊन हे असले खेळ!" नात रडायला लागली. सून पाय उशीवर ठेवून कांगडीशेजारी बसली होती. सगळ्यांचं बोलून संपल्यावर ती शांतपणे म्हणाली, "आई, पडायच्या आधी मी वरपासून अर्ध्यापर्यंत एकटी आले. मुलं कुठे आहेत, डब्याचं काय, ऑफिसचा फोन येईल का, यातलं काही डोक्यात नव्हतं. अकरा वर्षांत असं पहिल्यांदा झालं." बायको काही बोलली नाही. उठून तिने पिशवीतलं मेतकूट काढलं, हॉटेलवाल्याकडून मऊ भात मागवला आणि सुनेला कालवून दिला. आमच्या घरात माफी आणि मान्यता या दोन्ही गोष्टी बहुधा भातातूनच दिल्या जातात.

आमच्या शिक्षकाचं घर टंगमर्गजवळ. त्याच भागातला आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता, हे त्याने आम्हाला पहिल्या तासात सांगितलं. वर्षातले दहा-बारा आठवडे त्याची कमाई, त्यावर बरंचसं वर्ष काढायचं. २०२४च्या जानेवारीत त्याने फोनवर एक फोटो पाठवला. आम्ही जिथे पडलो तो उतार, ऐन चिल्लाई कलांत, तपकिरी आणि कोरडा. त्या वर्षी जानेवारी जवळजवळ संपेपर्यंत गुलमर्गला म्हणावा तसा बर्फच पडला नाही. २०२५ साली बर्फाअभावी 'खेलो इंडिया'च्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. आणि २२ एप्रिल २०२५ला पहलगामच्या बैसरणमध्ये सव्वीस माणसं मारली गेली. त्यांतली सहा महाराष्ट्रातली होती, आमच्यासारखीच सुट्टीला गेलेली. त्यानंतर शिक्षकाचा आवाजी निरोप आला. त्यात त्याने धंद्याबद्दल काहीच विचारलं नव्हतं. एवढंच होतं, "अंकल, तुमच्याकडचे सगळे घरी आहेत ना?"

म्हणून कुणी जावं की न जावं हे मी सांगणार नाही. ती प्रत्येक घराची बाब आहे. जाणाऱ्यांना मात्र चार गोष्टी सांगतो. विमा साहसी खेळांसह मिळतो का बघा, आणि ते लेखी घ्या. दुकानदारासमोर उभं राहून बाइंडिंगचा आकडा आपल्या वजनाप्रमाणे लावून घ्या, लाज धरू नका. दोन दिवसांत शिकून होत नाही, चार दिवस आणि एकच शिक्षक ठेवा. दमल्यावर 'शेवटची एक फेरी' करू नका.

आमच्या घरात याबाबत मतं विभागलेली आहेत. मुलगा आता नको म्हणतो. बायको "बघू" म्हणते, आणि तिच्या "बघू"चा अर्थ लावायला मला चाळीस वर्षंही पुरलेली नाहीत. सुनेने मात्र पगारातून एक आवर्ती ठेव उघडली आहे, दोन वर्षांची. फॉर्म भरायला ती माझ्याकडेच आली होती. नॉमिनी म्हणून तिने मुलीचं नाव घातलं, आणि त्याच संध्याकाळी तिला घेऊन गुडघ्याच्या व्यायामाला गेली.