पंपाशिवाय नव्वद मीटर

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात, डर्व्हंट नदीच्या काठी चॅट्सवर्थचा प्रासाद आहे. ड्यूक ऑफ डेव्हनशर घराण्याचा. आतली चित्रं आणि रंगवलेली छतं बघायला लोक रांगा लावतात; खुशाल लावोत. ज्याच्या हाताशी एकच दिवस आहे त्याने तो बाहेर, बागेत घालवावा असं माझं मत. कारण प्रासादाच्या दक्षिणेला, एका लांबलचक हौदात 1844 साली बांधलेलं कारंजं आहे. ते पूर्ण जोरात सोडलं तेव्हा पाणी 90 मीटर उंच गेल्याची नोंद आहे. आणि त्याला ना मोटर, ना पंप, ना वाफेचं इंजिन.

मग पाणी उडतं कसं? हौदाशी उभं राहून कितीही डोकं खाजवलं तरी उत्तर सापडत नाही, कारण ते तिथे नाहीच. ते मागच्या टेकडीवर, झाडीच्या आड आहे. तिथे सुमारे 8 एकरांचा तलाव खोदलेला आहे आणि तो कारंजापेक्षा जवळपास 115 मीटर उंचावर आहे. तिथून लोखंडी पाइप उताराने खाली आणलाय. बस्स, एवढंच यंत्र. आपल्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी वरच्या मजल्याला करंगळीएवढं येतं आणि तळमजल्यावर बादली उडवतं, त्यातलीच गोष्ट. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो. म्हणजे तळाच्या तोटीशी अकरा पटींहून जास्त दाब कोंडलेला असतो. पाणी 90 मीटर चढायचं तर तोटीतून निघताना त्याचा वेग ताशी किमान दीडशे किलोमीटर हवा. हिशेबाने ते थेट तलावाच्या पातळीला भिडायला हवं. पण वाटेत पाइपचं घर्षण आणि वर हवा आपापला वाटा काढून घेतात.

झडप उघडणाऱ्याला किंवा बंद करणाऱ्याला घाई करून चालत नाही. पाइपमधलं टनावारी पाणी वेगात असताना वाट एकदम बंद केली तर त्याचा सगळा धक्का लोखंडावर बसतो आणि पाइप फुटू शकतो. म्हणून झडप सावकाश फिरवायची. धारही मग टप्प्याटप्प्याने चढते: आधी कमरेइतकी, मग झाडांच्या वर, मग प्रासादाच्याही वर. बुंध्याशी ती घट्ट, पांढरी, काठीसारखी सरळ असते; शेंड्याला मात्र तिचा नुसता धुरळा होतो आणि वारा नेईल तिकडे तो जातो. त्या बाजूला उभं राहिलात तर भिजाल. एवढ्या उंचीला मात्र ते रोज उडत नाही. तलावात येणार ते पावसाचं आणि माळरानाचं पाणी, ते पुरवून वापरावं लागतं.

हा खटाटोप कोणासाठी? रशियाचा झार पहिला निकोलस याच्यासाठी. सहावे ड्यूक विल्यम कॅव्हेंडिश 1826 साली त्याच्या राज्याभिषेकाला जाऊन आले होते. 1844 मध्ये झार इंग्लंडला येणार म्हटल्यावर त्यांनी माळरानावर तलाव खोदायला माणसं लावली. सहा महिन्यांत काम उरकायचं म्हणून रात्रीही दिव्यांच्या उजेडात खोदाई चालली. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला काही फिरकला नाही. कारंजाला ‘एम्परर’ हे नाव तेवढं राहिलं. पाणी मात्र वाया गेलं नाही. 1893 पासून याच टेकडीवरच्या पाण्याने टर्बाइन फिरवून प्रासादात विजेचे दिवे लागले.

हे गणित जुळवणारा माणूस कोणी पदवीधर इंजिनिअर नव्हता, माळी होता. जोसेफ पॅक्स्टन. 1826 मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तो मुख्य माळी म्हणून पहाटे साडेचारला इथे पोचला. फाटक बंद, म्हणून चढून आत आला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे नऊच्या आत बाग पाहून झाली, माणसं कामाला लागली, पाण्याचे खेळ बघून झाले आणि न्याहारीला भेटलेल्या मुलीशी प्रेमही जमलं. ती पुढे त्याची बायको झाली. ड्यूक तेव्हा रशियाच्या वाटेवर होते!

इथलं पाण्याचं वेड पॅक्स्टनच्याही आधीचं. टेकडीच्या उतारावरच्या दगडी पायऱ्यांचे 24 गट सतराव्या शतकाच्या अखेरीला घडवायला घेतले गेले. प्रत्येक गटाची घडण वेगळी, म्हणून पाणी प्रत्येक ठिकाणी निराळा आवाज करतं. जवळच एक तांब्याची विलो आहे. खऱ्या झाडांमध्ये ती बेमालूम खपून जाते. जवळ गेलं की फांद्याफांद्यांतून पिचकाऱ्या. 1832 मध्ये तेरा वर्षांच्या राजकन्या व्हिक्टोरियाला ती फार आवडली होती.

नदीपलीकडचं ‘नैसर्गिक’ कुरणही उद्यानरचनाकार केपेबिलिटी ब्राउनने अठराव्या शतकात आखलेलं, आणि एडन्सर गावाची तिथून दिसणारी घरं ड्यूकनी हलवून आडोशाला नव्याने वसवली. हे मला कौतुकाचं वाटत नाही.

आता झाडांच्या भिंतींचा चक्रव्यूह आहे तिथे पॅक्स्टनचं काचघर होतं. सुमारे 84 मीटर लांब; आतून घोडागाडी जायची. त्याचे आठ बॉयलर जमिनीखाली होते आणि कोळसा भुयारातून यायचा, म्हणजे वर फिरणाऱ्यांना ना कोळसा दिसावा ना धूर. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली आणि 1920 मध्ये सुरुंग लावून ते पाडलं. एका झटक्यात पडलंही नाही.

पॅक्स्टनने इथे वाढवलेल्या झाडांपैकी एक आपल्या ओळखीचं आहे. मॉरिशसमार्गे आलेली, मूळची चीनची एक बुटकी केळ त्याने काचघरातल्या उबेत जोपासली. 1830च्या दशकात तिला घड धरला आणि मालकाच्या आडनावावरून तिला ‘कॅव्हेंडिश’ म्हणू लागले. जळगावची बसराई याच कॅव्हेंडिश गटातली, आणि आज तिकडे बागांमधून दिसणारी ग्रँड नैनही. ड्यूकच्या केळीला बॉयलर लागले. खानदेशात उन्हापासून राखावं लागतं.