देणगीचा रुपया आणि सेवकाचे वेतन

पुण्या-मुंबईच्या, आणि अलीकडे अमेरिकेतल्याही, मराठी घरांतून चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशाकडे द्रव्याचा जो ओघ वर्षानुवर्षे वाहत आला आहे, त्यामागे वरोऱ्याच्या आनंदवनाविषयी किंवा हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाविषयी वाचून भरून आलेले अंतःकरण असते, आणि मार्चअखेरीस प्राप्तिकरात मिळणाऱ्या सवलतीचा विचारही असतो. परंतु पावती हाती पडल्यावर त्या संस्थेचा जमाखर्च मागवून तो नीट वाचणारा देणगीदार विरळाच. वास्तविक हा जमाखर्च गुप्त नाही आणि फारसा दुर्बोधही नाही. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने, ज्याच्या नावात पूर्वी मुंबई होती व आता महाराष्ट्र आहे, नोंदणी झालेल्या प्रत्येक न्यासावर हिशेब ठेवण्याची, ते तपासून घेण्याची आणि धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत दाखल करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि पत्रकांचे नमुनेही ठरवून दिले आहेत. आठव्या अनुसूचीत ताळेबंद, नवव्या अनुसूचीत उत्पन्न-खर्चाचे पत्रक. या नवव्या पत्रकात आस्थापनेचा खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेविषयक खर्च, हिशेबतपासणीची फी अशा बाबी वेगवेगळ्या मांडाव्या लागतात, आणि त्यांच्या खाली न्यासाच्या उद्दिष्टांवर झालेला खर्च धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण व अन्य अशा पोटभागांनी द्यावा लागतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज देऊन व शुल्क भरून त्याची नक्कल मिळू शकते.

असे असूनही देणगीदाराच्या मनातला प्रश्न बहुधा एकच असतो: प्रमुख मंडळी स्वतः किती घेतात? या प्रश्नाचे मूळ आपल्या इतिहासात आहे आणि ते आदरणीय आहे. वकिली सोडलेल्या मुरलीधर देवीदास आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि 1951 मध्ये वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनाची वसाहत उभी करण्यास आरंभ केला. दान माणसाला दुबळे करते आणि श्रम त्याला घडवतो, ही त्यांची धारणा असल्यामुळे त्या वसाहतीची शेती व हातमाग, तिथले कारागीर, हे सारे दयेच्या आधाराने नव्हे तर कामाच्या बळावर उभे राहिले. पुढे 1973 मध्ये प्रकाश आणि मंदाकिनी आमटे हे डॉक्टर दांपत्य भामरागडच्या अरण्यात, जिथे वीज नव्हती आणि पावसाळ्यात वाटही उरत नसे अशा हेमलकशाला, माडिया गोंडांच्या सेवेसाठी राहावयास गेले. या चरित्रांनी मराठी मनात सेवकाची एक मूर्ती घडवली, आणि त्या मूर्तीला वेतन शोभत नाही असे आपण ठरवून टाकले.

मला हे मान्य नाही. त्याग हा ज्याचा त्याने करावयाचा असतो. तो दुसऱ्याकडून, आणि तोही पिढ्यान्‌पिढ्या, वसूल करण्याचा अधिकार देणगीदाराला कोणी दिलेला नाही. धानोरा किंवा एटापल्लीच्या दवाखान्यातल्या परिचारिकेला मुलांच्या शाळेचा खर्च असतो, जीपच्या चालकाला म्हातारे आईवडील असतात, आणि रोजकीर्द लिहिणारा कारकून चुकला तर सबंध संस्थेची अब्रू जाते. संस्थेच्या आवारातच राहणाऱ्या ध्येयवादी कार्यकर्त्याचेही निवास, अन्न, औषधपाणी कोणत्या तरी खात्यातून होतच असते. ते नोंदले जाणे, न नोंदले जाण्यापेक्षा सर्वांनाच हितकर. कायद्याचीही दृष्टी हीच आहे. 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमाने धर्मादाय न्यासाला करमाफी देताना उत्पन्नाचा पंचाऐंशी टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करण्याची अट घातली, परंतु संस्थापक, विश्वस्त, व्यवस्थापक किंवा त्यांचे नातलग यांना वेतन देण्यास मनाई केली नाही. केलेल्या कामाच्या मानाने ते वाजवी असावे, आणि वाजवीपेक्षा अधिक दिले तर करमाफी धोक्यात यावी, एवढाच त्याच्या तेराव्या कलमाचा दंडक.

व्यवस्थेवरील खर्चाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, आणि ती समजण्यासाठी गडचिरोलीइतके चांगले उदाहरण अन्यत्र मिळणे कठीण. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने एकोणचाळीस गावांत स्त्रियांना प्रशिक्षण देऊन नवजात अर्भकांची शुश्रूषा घरीच करण्याचा जो प्रयोग केला, त्याचा वृत्तांत 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेतल्या गावांच्या मानाने सुमारे बासष्ट टक्क्यांनी उतरले होते, आणि या शुश्रूषेचा खर्च दर अर्भकामागे 5.3 अमेरिकी डॉलर इतका पडला होता. आता या खर्चाचा विचार करा. गावातली बाई जन्मलेल्या मुलाचे वजन करते, ताप पाहते, जंतुदोषाची लक्षणे ओळखते. पण तिला शिकवणारा कोणी लागतो, तिच्या कामावर देखरेख करणारा लागतो, आणि जन्म-मृत्यूची नोंद बिनचूक ठेवणारा लागतो. केवळ औषधांवर झालेला खर्च खरा आणि बाकीचा वायफळ असे मानणाऱ्या देणगीदाराने यातली देखरेखच प्रथम कापली असती, आणि मग ते बासष्ट टक्के सिद्ध करणारा आकडा कोणाच्याच हाती लागला नसता.

परदेशातून येणाऱ्या द्रव्यासाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली. रुग्णालयातील डॉक्टरांचे व शाळेतील शिक्षकांचे वेतन या मर्यादेत धरले जात नाही, ही तरतूद न्याय्य आहे; तरी कचेरीचे भाडे, हिशेबनिशी, व्यवस्थापकांचे पगार यांसाठी उरणारा भाग लहान संस्थांना, ज्यांच्या गावापासून जिल्ह्याचे ठिकाण शंभर-दीडशे किलोमीटरांवर आहे अशांना, अपुरा पडल्यावाचून राहणार नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीत तर कंपनीने स्वतःच्या प्रशासनासाठी ठेवावयाची मर्यादा पाच टक्के आहे, आणि तीच फूटपट्टी त्या आपल्या साहाय्यावर चालणाऱ्या संस्थांनाही लावू पाहतात. शहरातल्या कंपनीला ती साधते, अरण्यातल्या दवाखान्याला साधेलच असे नाही.

तथापि वाजवी वेतनाचे समर्थन करणाऱ्याने अपहाराकडे डोळेझाक करू नये. अमेरिकेत 'युनायटेड वे' या प्रचंड धर्मादाय संघटनेचे अध्यक्ष विल्यम अॅरामोनी यांची वार्षिक प्राप्ती चार लाख डॉलरांहून अधिक असल्याचे व संस्थेचा पैसा त्यांच्या चैनीवर खर्च होत असल्याचे उघड झाल्यावर 1992 मध्ये त्यांना पायउतार व्हावे लागले, आणि 1995 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तेथील कर खात्याकडे धर्मादाय संस्था जे वार्षिक विवरण भरतात, त्यात वरिष्ठ अधिकाऱ्यांचे वेतन नावानिशी द्यावे लागते व ते कोणालाही पाहता येते. आपल्या नवव्या अनुसूचीत मात्र विश्वस्तांच्या मानधनाला वेगळा रकाना आहे, पण विश्वस्त नसलेल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याचे वेतन आस्थापनेच्या एकत्रित रकमेत, किंवा 'उद्दिष्टांवरील खर्चा'च्या एखाद्या पोटभागात, मिसळून जाते आणि जनतेला ते निराळे दिसत नाही. ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. ती भरून काढण्यासाठी कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रामाणिक संस्थांनी पहिल्या पाच पदांचे वेतन आपल्या वार्षिक अहवालात आपण होऊन छापावे.

मोबदला उघडपणे कसा ठरू शकतो हे गडचिरोली जिल्ह्यातच पाहावयास मिळते. तिथल्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे अठराशे हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. तेथे निर्णय सर्वसहमतीने होतात; बांबूच्या विक्रीचा पैसा ज्यांचा, ते आणि तो हाताळणारे एकाच सभेत समोरासमोर बसतात, त्यामुळे कोणाला किती मोबदला द्यावा हे बंद खोलीत ठरण्याचा संभव कमी होतो. न्यासाच्या बाबतीत देणगीदार आठशे किलोमीटर दूर असतो आणि रुग्ण अथवा आदिवासी, ज्याच्या नावे तो पैसा आलेला असतो, तो त्या बैठकीत बहुधा नसतोच.

म्हणून देणगी देणाऱ्याने संस्थेला पत्र लिहून तीन गोष्टी मागाव्यात: प्रमुखाचे वेतन ठरवणाऱ्या ठरावाची प्रत आणि त्या बैठकीच्या इतिवृत्तात स्वतः प्रमुख व त्याचे आप्त मतदानाला बसले होते काय याची नोंद, गेल्या तीन वर्षांची तपासणी झालेली पत्रके, आणि विद्यमान विश्वस्तांची यादी. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांत त्याचा फेरफार अहवाल धर्मादाय कार्यालयाला द्यावा लागतो, तेव्हा ही यादी दप्तरी असलेल्या नोंदीशी ताडून पाहता येते, आणि एकाच आडनावाचे किती जण तिच्यात आहेत हेही त्याच वेळी कळते.