हिब्रूकडे जाणारी मराठीची जवळची वाट

‘आय ॲम गोइंग’ हे इंग्रजीतील अगदी नेहमीचे वाक्य हिब्रूत न्यायचे झाल्यास बोलणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, आणि ती पायी निघाली आहे की वाहनाने, हे आधी ठरवावे लागते, कारण मूळ वाक्य या दोहोंविषयी काहीच सांगत नाही. वारज्याहून कर्वेनगरला चालत निघालेला पुरुष हिब्रूत ‘अनी होलेख’ म्हणेल आणि स्त्री ‘अनी होलेखेत’ म्हणेल. तीच स्त्री पीएमपीच्या बसने स्वारगेटला निघाली असेल, तर क्रियापदच बदलून ‘अनी नोसाअत’ असे होईल. यांतला लिंगभेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही, कारण ‘जातो’ आणि ‘जाते’ हा फरक तो बोलू लागल्यापासून पाळत आलेला असतो; पण हिब्रू इंग्रजीतून शिकताना ही घरचीच शिदोरी विसरली जाते, आणि जे सोपे होते तेच अवघड वाटू लागते. भूतकाळात मात्र सावध राहावे लागते, कारण तेथे मराठी ‘गेलो’ आणि ‘गेले’ असा भेद करते, तर हिब्रूत स्त्री-पुरुष दोघांनाही ‘हलाख्ती’ हे एकच रूप चालते.

मालकी सांगण्यासाठी इंग्रजीत ‘हॅव’ हे क्रियापद आहे. हिब्रूत तसे क्रियापद नाही. ‘मला दोन भाऊ आहेत’ याचे हिब्रू रूप ‘येश ली श्नेइ अखीम’, ज्यात ‘येश’ म्हणजे ‘आहे’ आणि ‘ली’ म्हणजे ‘मला’. थंडी वाजत असेल तर ‘कर ली’, म्हणजे शब्दशः ‘गार मला’, एवढे दोन शब्द पुरतात. इंग्रजीत थंडी वाजणारा माणूस वाक्याचा कर्ता असतो, तर मराठीत आणि हिब्रूत थंडी त्याच्याकडे येते.

वय विचारण्याची रीत आणखी बोलकी आहे. पुरुषाला ‘बेन कमा अता’ असे विचारतात, म्हणजे ‘किती वर्षांचा पुत्र तू?’, आणि स्त्रीला ‘बत कमा आत’, ज्यात ‘बत’ म्हणजे कन्या. या ‘बेन’चेच अनेकवचनी रूप कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके नांदलेल्या, तेलाचा व्यवसाय करणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवत असल्यामुळे ‘शनवार तेली’ म्हटल्या गेलेल्या मराठीभाषक ज्यू समाजाच्या नावात आहे: बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलचे पुत्र.

हिब्रू आणि मराठी यांची थेट गाठ याच समाजामुळे पडली. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मुंबईत हिब्रूचे व्याकरण मराठीतून प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा असला, तरी हिब्रू मराठीतून शिकवता येते हे त्यांनी ओळखले होते. पुढे समाजातील जाणकारांनी हे काम स्वतः हाती घेतले, जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली, आणि 1874 मध्ये पुण्यात ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह छापला गेला. हग्गादा म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरी वाचायचा ग्रंथ. पुण्याच्या या प्रतीतील चित्रात बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका भारतीय वेशात दिसतात, म्हणजे भाषांतर केवळ शब्दांचे झाले नव्हते.

प्रसंग ओळखला नाही तर सर्वांत परिचित शब्दही फसवतो. परीक्षेला निघालेल्या मुलाला इंग्रजीतल्या ‘गुड लक’च्या अर्थाने ‘मझल तोव’ म्हणणे चूक आहे. ‘मझल’चा मूळ संबंध ग्रह-राशींशी असला, तरी हे शब्द आनंदाची गोष्ट घडल्यावर अभिनंदन म्हणून उच्चारतात. परीक्षेआधी ‘बेहत्सलाखा’, म्हणजे ‘यशासह’, असे म्हणतात, आणि मराठी घरातील ‘यशस्वी हो’ त्याच्या किती जवळ आहे हे सांगायला नको. तसेच धो धो पावसासाठी इंग्रजीतली कुत्री-मांजरे हिब्रूत उतरत नाहीत. तेथे ‘गेशेम शोतेफ’, म्हणजे वाहून नेणारा पाऊस, पडतो, आणि मराठीत तो मुसळधार असतो.

एका बाबतीत मात्र मराठी माणूस अडतो. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून मराठी जो मान तोलून देते, त्याला आजच्या हिब्रूत सर्वनामच नाही: नातवालाही ‘अता’ आणि आजोबांनाही ‘अता’. इस्रायलला गेल्यावरही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवणाऱ्या बेने इस्रायल समाजाच्या घरांत आजोबांना ‘तुम्ही’ म्हणायचे, तर तेवढ्यापुरते मराठीतच बोलावे लागते.